किल्ली मिळाली, कागद कुठाय?

"साहेब कधी येणारेत? ते आले की सगळं एकदमच सांगतो ना मॅडम."

२०२५ च्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका ताईंबरोबर मी सोलापूरला मोटारीच्या शोरूममध्ये गेले होते. ताईंचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा व्यवसाय. आठ वर्षं पहाटे चारला उठून भाकरी थापल्या, त्यातून अडीच लाख रुपये बाजूला पडले. बाकीचं बँकेचं कर्ज. गाडी त्यांच्या नावावर, हप्ता त्यांच्या खात्यातून, लायसन्सही त्यांनी स्वतः काढलेलं. यजमानांनी तर मुद्दाम सांगितलं होतं, "तुझी गाडी, तूच ठरव." पण समोरचा मुलगा बोलत होता तो आमच्याबरोबर आलेल्या त्यांच्या विशीतल्या पुतण्याशी. इंजिन, मायलेज, हप्ता सगळं त्याला. ताईंना एकच प्रश्न, "मॅडम, कलर कुठला आवडेल?"

ताई काही बोलल्या नाहीत. पर्स उचलली आणि बाहेर आल्या. टपरीवर चहा घेताना म्हणाल्या, "वहिनी, गिरणीवाला पण पिठाचा हिशेब माझ्याशीच बोलतो. आणि इथं सात लाख देऊन मी फक्त रंग सांगायचा?"

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण आता तालुक्याच्या गावांतूनही गाड्या घेतल्या जातात, आणि बायकांच्या नावावर घेतल्या जातात. काही बँका महिलांना व्याजात थोडी सवलत देतात, म्हणूनही आपलं नाव लागतं. नाव आपलं, सही आपली, पैसा पुष्कळदा आपला. मग प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा आपण सोफ्यावर बसून सरबत का पीत असतो?

त्या नवरात्रात शोरूममध्ये गर्दी होण्याचं कारण तुम्हाला आठवत असेलच. २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, मोटारींवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची गाडी ही छोटी गाडी. तिच्यावर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. तो सगळा मिळून १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांचा उपकर गेला आणि जीएसटी ४० टक्के झाला. विजेवरच्या गाड्यांवर ५ टक्के होता, तो तसाच राहिला.

आपल्या हिशेबात सांगायचं तर, कर सोडून ५ लाखांची असलेली छोटी पेट्रोल गाडी आधी ६ लाख ४५ हजारांना पडायची, ती ५ लाख ९० हजारांवर आली. ५५ हजार वाचले! लोकांनी ऑगस्टपासूनच खरेदी थांबवून ठेवली होती, ती घटस्थापनेला सुटली. पण सरकारने सोडलेले हे ५५ हजार आपल्या घरापर्यंत पोचतात का, की वाटेत शोरूममध्येच सांडतात, हे कोणी विचारलं नाही.

ताईंनी विचारलं. पहिल्या शोरूमने पुतण्याच्या मोबाइलवर एकच आकडा पाठवला होता, ऑन रोड ७ लाख ३० हजार. त्याची फोड लेखी द्या म्हणून आम्ही तीन फोन केले, तेव्हा कुठे कागद आला. एक्स-शोरूम किंमत बरोबर होती. रस्ता कर बरोबर होता. पुढे मात्र 'बेसिक किट' २४ हजार, 'हँडलिंग' साडेसात हजार आणि विमा बाहेरच्यापेक्षा ११ हजारांनी महाग. बेरीज करा. साडेबेचाळीस हजार. म्हणजे ५५ हजारांतले पाऊण भागाहून जास्त तिथेच जिरले असते.

यात मी शहाणी आणि ताई नवख्या असं मुळीच नाही. २०१७ साली मी स्वतः फसले आहे. दसऱ्याला बुकिंग केलं, दिवाळीच्या पाडव्याला गाडी आली. शोरूमने लाल सॅटीनचं कापड टाकलं होतं, पेढे होते, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो काढला. मी काठापदराची साडी नेसून गेले होते. गाडी थेट भगवंताच्या देवळासमोर आणली, नारळ फोडला. सगळं कसं छान!

दीड महिन्याने आरसी आली. कपाटात ठेवता ठेवता सहज नजर गेली. उत्पादनाचा महिना आणि वर्ष, डिसेंबर २०१६. दहा महिने गाडी कुठल्या तरी आवारात उन्हापावसात उभी होती, आणि आम्ही ती ताजी म्हणून घेतली. बरं, त्यावर सूटही नाही. जुन्या वर्षाची गाडी विकायची असेल तर ती सांगून, किंमत कमी करून विकता येते. आम्हाला सांगितलंच नव्हतं. शोरूममध्ये गेलो तर उत्तर मिळालं, "ताई, गाडी नवीच आहे, किलोमीटर बघा ना." किलोमीटर खरेच कमी होते. पण पुढे गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक किलोमीटरच्या आधी वर्ष विचारतं, आणि आमचं एक वर्ष तर घ्यायच्या दिवशीच गेलं होतं. भांडून भांडून दोन सर्व्हिसिंग फुकट मिळाल्या. आमच्याकडे लेखी काही नव्हतं, म्हणून त्यावरच गप्प बसलो.

आता तुम्ही म्हणाल, हे शोरूमवाले असे वागतात तरी का? मला त्यांना सरसकट लुटारू म्हणायचं नाही. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट, शोरूमवर पाटी कंपनीची असली तरी दुकान कंपनीचं नसतं. विक्रेता कंपनीकडून गाड्या विकत घेतो, बहुधा बँकेचं कर्ज काढून, आणि मग आपल्याला विकतो. गाडी आवारात जितके दिवस उभी, तितकं व्याज चढतं. २०२४ च्या सणांच्या तोंडावर विक्रेत्यांच्या संघटनेनेच तक्रार केली होती की देशभरात ८० दिवसांहून जास्त पुरेल इतका माल आवारात पडून आहे. असा माल काढायचा म्हटलं की कुठली गाडी कधीची हे सांगायचं टाळलं जातं.

दुसरी गोष्ट, नुसत्या गाडीवर विक्रेत्याला फार सुटत नाही. सुटतं ते विम्याच्या कमिशनवर, सीट कव्हर आणि मॅटवर, कर्ज मिळवून देण्यावर आणि पुढे सर्व्हिसिंगवर. म्हणून विक्रीच्या मुलाला गाड्यांचं जसं टार्गेट असतं तसं विम्याचं आणि किटचंही असतं. तो मुलगा आपल्याच गावाकडचा, बारा-पंधरा हजारांवर काम करणारा. महिनाअखेरीला त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.

आणि तिसरी गोष्ट, सूट किती द्यायची हेही नेहमी विक्रेत्याच्या हातात नसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट ग्राहकाला देऊ नका, असं बंधन कंपनी विक्रेत्यांवर घालते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. खोटी गिऱ्हाइकं पाठवून कोण जास्त सूट देतो ते तपासलं जायचं, असंही त्या निकालात आहे. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. पण "वरून परवानगी नाही मॅडम" हे वाक्य दर वेळी थापच असते असं नाही, एवढं त्यातून कळतं.

तरीही त्यांची अडचण ही त्यांची अडचण. तिची भरपाई भाकरीच्या पैशातून का व्हावी?

आपण सोनाराकडे जातो तेव्हा कशा असतो ते आठवा. आजचा भाव काय, घडणावळ किती, हॉलमार्क कुठे आहे, सगळं विचारतो. खड्याचं वजन सोन्यात धरलंय का, हेही पाहतो. एका अंगठीसाठी अर्धा तास! कोणी म्हणतं का, "साहेब आले की सांगतो"? कारण सोन्याच्या बिलातली प्रत्येक ओळ आपल्याला कळते. गाडीच्या बिलातही पाच-सहाच ओळी असतात. त्या एकदा समजून घेतल्या की झालं.

पहिली ओळ एक्स-शोरूम किंमत. यात जीएसटी आलेला असतो. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीची सुरक्षित नंबरप्लेटही कंपनीनेच गाडीबरोबर द्यायची असते. तिचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. दुसरी ओळ रस्ता कर. महाराष्ट्रात आपल्या नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे आणि एकदाच भरायचा असतो. त्याची सरकारी पावती मिळते, ती मागून घ्या. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस कापतात. तो बुडत नाही, आयकराच्या विवरणात वळता करून घेता येतो.

तिसरी ओळ विमा, आणि सगळ्यात जास्त खेळ इथेच चालतो. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेतला तरी चालतो. आणि तो कुठून घ्यायचा ही निवड आपली. "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही," असं सांगतात. कॅशलेस हे विमा कंपनीचा त्या गॅरेजशी करार आहे का यावर ठरतं. ते विमा कंपनीलाच फोन करून विचारायचं.

याच ओळीत आपल्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. पण त्यासाठी मालकाकडे वैध लायसन्स हवं. किती घरांत गाडी बायकोच्या नावावर असते आणि बायकोकडे लायसन्सच नसतं! तिच्यासाठी ते संरक्षण कागदावरच राहतं. तेव्हा मैत्रिणींनो, गाडी नावावर करायच्या आधी लायसन्स काढा. शिकायला वय लागत नाही. मी चाळिशीत शिकले.

चौथी ओळ फास्टॅग आणि नोंदणीची फी. ही रक्कम लहान असते. आता तयार गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही, विक्रेताच ऑनलाइन नोंदणी करतो. त्यामुळे 'पासिंगचा खर्च' म्हणून मोठा आकडा दिसला तर पावती मागा. पाचवी ओळ किट. मॅट हवी तर मॅट घ्या, पण सगळं किट घेतलंच पाहिजे असं कुठेही नाही. आणि सहावी ओळ ते 'हँडलिंग'. नव्या गाडीच्या किमतीत ती दुकानापर्यंत आणायचा खर्च धरलेला नसतो का? ही ओळ कशाची, ते लिहून द्या म्हटलं की पुष्कळदा ती आपोआप पुसली जाते!

आमच्या ताईंचं असंच झालं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूममध्ये गेलो. तिथे विशीतली एक मुलगी होती. तिने पुतण्याकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कोण चालवणार?" ताई म्हणाल्या, "मी." त्याबरोबर तिने खुर्ची वळवून ताईंच्या समोर घेतली. कोऱ्या कागदावर एकेक ओळ लिहून दाखवली. किटवर काट मारून म्हणाली, "हे नको असेल तर राहू द्या. सीट कव्हर तुमच्या गावातच स्वस्त मिळतील." हँडलिंगची ओळ नव्हतीच. विमा आम्ही बाहेरून विचारून आलो होतो, तो आकडा तिने मॅनेजरकडे नेला आणि तितक्यातच करून आणला. एकूण ६ लाख ८७ हजार. कागदावर सही, शिक्का, तारीख. बुकिंग रद्द केलं तर किती रक्कम परत मिळेल, तेही खाली लिहून दिलं.

पैसे भरायच्या आधी गाडी प्रत्यक्ष बघायची, हे मी २०१७ च्या अनुभवावरून सांगितलं होतं. मुलगी स्वतः आम्हाला आवारात घेऊन गेली. चॅसी नंबर उतरवून घेतला आणि उत्पादनाचा महिना दाखवला, दीड महिन्यापूर्वीचा. तोच नंबर बिलावर आला की नाही ते ताईंनी चष्मा लावून, अक्षरावर बोट ठेवून तपासलं. पुतण्या लाजत होता, "काकू, पुरे ना!" काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग सगळं सुरळीत झालं का? नाही. गाडी न्यायच्या दिवशी मागच्या दारावर ओरखडा निघाला, बोटभर लांब. माझ्या मनात आलं, झालं, आता सुरू होणार. पण मुलीने वाद घातला नाही. ओरखड्याचा फोटो काढला, कागदावर नोंद केली, चार दिवस मागितले. मुहूर्त हुकला. सासूबाई थोड्या नाराज झाल्या. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला, दार नीट करून गाडी तयार होती.

म्हणून मला वाटतं, चांगलं शोरूम म्हणजे चूक न करणारं नव्हे. चूक झाली तर लिहून देणारं ते चांगलं. चहा-सरबत दोन्हीकडे होतं. गोड बोलणं तर पहिल्या ठिकाणी जास्तच होतं. फरक होता तो कागदाचा.

कागदाचं महत्त्व किती, ते गोव्यातल्या एका खटल्यावरून कळतं. एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी मोटार म्हणून पैसे भरले. मिळाली ती २००९ ची, आधी काही अंतर चाललेली, खालून गंजलेली. तो ग्राहक मंचात गेला आणि जिंकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने विक्रेत्याची जबाबदारी कायम ठेवली, पण कंपनीला मोकळं केलं. विक्रेता हा कंपनीचा नोकर नाही, आणि त्याने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असा पुरावा नाही, असं न्यायालयाने म्हटलं. यातून आपण घ्यायचा धडा असा, की मोठ्या कंपनीच्या नावावर विसंबून राहू नये. ज्याच्या बिलावर शिक्का आहे तोच आपल्याला उत्तर देणार. तेव्हा बिल, सेल सर्टिफिकेट, विम्याची पॉलिसी, कराची पावती हे सगळं एका फाइलमध्ये पाहिजे. सेल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म २१. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. आम्ही तो तेव्हा वाचला असता तर आरसी येईपर्यंत थांबावं लागलं नसतं. शिवाय तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायचीच नाही, असा नियम आहे. मुहूर्त साधायला आपणच "नंबर नंतर बघू" म्हणतो आणि विनानोंदणीची गाडी रस्त्यावर काढतो, ते बरोबर नाही.

आणि एवढं करूनही फसवणूक झालीच तर? आधी शोरूमला लेखी तक्रार, पोच घेऊन. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शेवटचा उपाय जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गाडी कुठूनही घेतलेली असो. वकील दिलाच पाहिजे असं नाही. ५ ते १० लाखांच्या गाडीच्या तक्रारीला फी २०० रुपये आहे. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. २०१७ मध्ये मी सर्व्हिसिंगवर समाधान मानून घरी बसले. तेव्हा फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी जायचा कंटाळा केला, हे आज कबूल करते.

घरातल्या पुरुषांना बाजूला सारा, असं माझं म्हणणं नाही. गाडी घराचीच असते, ती सगळ्यांनी मिळून घ्यावी. पण जिची सही आहे तिने सही करायच्या आधी कागद वाचावा, आणि घरच्यांनी तिला तेवढा वेळ द्यावा. शोरूममधल्या मुलांनाही सांगावंसं वाटतं, समोर बसलेली बाई रोज घरखर्चाचा ताळमेळ घालणारी असते. तिला आकडे कळतात. तुम्ही सांगून तर बघा.

ताईंची गाडी घरी न्यायची वेळ आली तेव्हा तिथेही हार, पेढे आणि ती पुठ्ठ्याची मोठी किल्ली होतीच. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे बघा, स्माइल!" ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "थांब बाळा. आधी फाइल दे, मग फोटो."

तो फोटो आमच्या बचत गटाच्या खोलीत लावलाय. त्यात ताईंच्या एका हातात किल्ली आहे आणि दुसऱ्या काखेत हिरवी फाइल. सगळ्यात जास्त हसू मात्र त्या शोरूममधल्या मुलीच्या चेहऱ्यावर आहे.